घाटातील न्यूट्रल आणि इंधनाची काटकसर

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन बचतीचा विचार आपल्याकडे गांभीर्याने होऊ लागला. आजही देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल आयात करावे लागते. काटकसरीची निकड त्यामुळे कमी झालेली नाही. मात्र काटकसरीच्या नावाखाली रूढ झालेल्या काही सवयी आता तपासून घेतल्या पाहिजेत. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे ही त्यांपैकी सर्वांत घातक सवय होय.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत या युक्तीने थोडे पेट्रोल वाचत असे. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात परिस्थिती उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उताराच्या जोरावर चाकेच इंजिन फिरवितात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे बचत तर होत नाहीच, शिवाय गाडी आवरण्याचा सारा भार ब्रेकवर पडतो. कसारा किंवा कुंभार्लीसारख्या घाटात सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात व ऐन वळणावर निकामी ठरू शकतात. इंजिनच बंद केल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि स्टिअरिंग जड होते. ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच योग्य आहे.

खरी बचत सपाट रस्त्यावर होते. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर नेला की हवेचा विरोध सुमारे पावणेदोनपट होतो. दूरवरचा अडथळा पाहून वेळीच वेग कमी करणारा चालक ब्रेकमध्ये वाया जाणारे इंधन वाचवितो. सभा संपेपर्यंत ग्रामपंचायतीच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी असलेली जीप हे दृश्य दुर्दैवाने अजूनही दुर्मिळ नाही.

हवा कमी असलेले टायर फिरविण्यास अधिक शक्ती लागते. ती हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. क्लचवर पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय मोडावी.

या साऱ्याचा परिणाम नोंदींवरूनच कळू शकेल. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा; पुढील वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले ते पाहावे. ३६० किलोमीटरला २४ लिटर लागले, तर लिटरमागे १५ किलोमीटर पडले. पुढे हाच आकडा १३ वर आला, तर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असल्यास ब्रेक घासत असण्याची शक्यता असते. लॉगबुकातील हा रकाना महिनाअखेरीस अंदाजाने भरला गेल्यास असा बिघाड कित्येक महिने लक्षातच येत नाही.