आधी म्हाताऱ्यांना विचारा

समजा, घाटंजी तालुक्यातले एक गाव आहे. गावात म्हातारी माणसे पुष्कळ. त्यांच्यासाठी काही करावे, असे सरपंचांच्या मनात आले. देवळापुढे चार बाकडी बसवायची, असे त्यांनी ठरवले.

ग्रामसेवक म्हणाले, "भाऊ, आधी म्हाताऱ्यांना विचारू या."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर आठ आज्या जमल्या. एक आजी म्हणाली, "बाकडं चांगलं हाय जी. पण देवळापर्यंत येऊ कशी? नालीवरची फरशी फुटली. मागच्या पावसाळ्यात तिथंच पडली मी. तवापासून घराबाहेर निघत नाई."

दुसरी म्हणाली, "मले यष्टीच्या थांब्यावर बसाले जागा पायजे. दवाखान्यात जाले घंटाभर उभं राहा लागते."

तिसरी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "संडास दूर हाय. रात्री अंधारात भेव लागते. म्हणून मी सांजेपासून पाणीच पीत नाई."

सरपंच चपापले. हे त्यांना ठाऊकच नव्हते!

त्यांनी आधी फरशी बदलली. संडासाच्या वाटेवर दिवा लावला. दोन बाकडी थांब्यावर नेली.

अशा बैठकीला गटचर्चा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच रीत वापरली. जगातल्या ३३ शहरांत तिने म्हाताऱ्या माणसांशी गटचर्चा घडवल्या. आपल्या देशातली दिल्ली आणि उदयपूर ही शहरे त्यांत होती. लोकांनी जे सांगितले, त्यावरून २००७ साली मार्गदर्शक पुस्तक निघाले. ते शहरांसाठी होते. पण रीत खेड्यालाही लागू पडते.

गटचर्चा कशी करावी?

आठ-दहा जणांनाच बोलवावे. बायांची बैठक वेगळी घ्यावी, म्हणजे त्या मोकळेपणी बोलतात. ज्याला कमी ऐकू येते, त्याला जवळ बसवावे. एकाने विचारावे, एकाने लिहावे. "बाकडे हवे का?" असे विचारू नये. "दिवसभरात कुठे अडचण होते?" असे विचारावे. मध्येच बोलू नये. गप्प बसणाऱ्यालाही विचारावे. शेवटी लिहिलेले सर्वांना वाचून दाखवावे. मग ते ग्रामसभेत मांडावे.

म्हातारपणी हिंडणे थांबले, की पायांतली ताकद जाते. मनही खचते. वाट नीट असली, तर माणूस चालता-बोलता राहतो.

आज ती वाट त्यांची आहे. उद्या आपलीच आहे.

प्रश्न : तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठे अडचण होते? त्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.