मुंबई ते लंडन : अंतर, वेळ आणि घड्याळ
(इयत्ता सातवी : गणित व भूगोल यांचा संयुक्त पाठ)

शिक्षकाने प्रारंभी फळ्यावर पुढील कल्पित वेळापत्रक लिहावे. हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघते व लंडनला सायंकाळी ५.३० वाजता पोहोचते. परत येताना ते लंडनहून रात्री ९ वाजता निघते व दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईस उतरते. सर्व वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. प्रवासास किती तास लागले?

बहुतेक मुले जाताना साडेचार व येताना साडेचौदा तास, असे उत्तर देतील. ते चूक म्हणून खोडण्याची घाई करू नये. वजाबाकी बिनचूक आहे. चूक आहे ती दोन घड्याळे एक मानण्यात. ती मुलांनाच शोधू द्यावी.

प्रथम अंतर मोजावे. पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरावा. सपाट नकाशावरील सरळ रेषेपेक्षा तो उत्तरेकडून जातो, हे मुलांच्या नजरेस आणावे. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग तोच होय. तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवल्यास सुमारे ६५ अंश व्यापतो. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; म्हणून अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमानास काही ठिकाणी वळसा घ्यावा लागतो.

आता वेळ पाहू. पृथ्वीस एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, तर लंडनची हिवाळ्यातील वेळ शून्य रेखांशाची. ८२.५ × ४ = ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात; तेव्हा हा फरक साडेचार तासांचा असतो.

लंडनच्या सायंकाळी ५.३० वाजता आपल्याकडे रात्रीचे ११ वाजलेले असतात. म्हणून जाण्यास १० तास लागले. लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपले उत्तररात्रीचे २.३०, म्हणून येण्यास ९ तास लागले.

मुलांच्या पहिल्या उत्तरांची बेरीज करून पाहावी : ४.५ + १४.५ = १९. खऱ्या तासांची बेरीजही १९ च. जाताना घड्याळाने दडविलेले साडेपाच तास येताना तेच घड्याळ जास्त दाखविते.

सरासरी वेग जाताना ताशी ७२०, येताना ८०० किलोमीटर. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात व पूर्वेकडे येणाऱ्या विमानास साहाय्य करतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. तो मार्ग मुलांनी गोलावर दोऱ्याने मोजावा व थेट अंतराशी ताडून पाहावा.

गावातील कोणी परदेशी असल्यास, येथे शाळा भरते तेव्हा तिकडे किती वाजलेले असतात, हेही विचारावे. उत्तर पाठ केलेले नसावे. मुलाने ते रेखांशांवरून काढलेले असावे.