विटेची साक्ष

मराठवाड्यातील शेतकरी आपल्या गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतो. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. काळी धान्य पिकवते; पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांची घरे उभी राहतात, पडतात आणि पुन्हा मातीस मिळतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव याच मुलखातले. येथील काळी माती बेसाल्ट या अग्निजन्य खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. अशा मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी आटले की आकसते. म्हणूनच श्रावणात ही जमीन पायांना चिकटते आणि चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

कापसाला ही माती मानवते. विटेला मात्र नुसती मानवत नाही. तिची वीट थापली, तर वाळतानाच ती तडकते. म्हणून वीट करणारा तिच्यात वाळू, राख किंवा भुसा मिसळतो. ही युक्ती फार जुनी आहे. तिची एक नामांकित साक्ष मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे पाहावयास मिळते.

तेरणा नदीच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर होय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणाबरोबर या नगराचाही उल्लेख आहे. येथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याचा मागील भाग बौद्ध चैत्यगृहाप्रमाणे अर्धवर्तुळाकार आहे. तेरच्या जुन्या विटांची ख्याती अशी की, त्यांतील काही विटा पाण्यावर तरंगतात!

वीट तरंगते हा चमत्कार नव्हे. साधी वीट तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक जड असते. म्हणून ती बुडते. तेरच्या कारागिरांनी मातीत भाताचे तूस भरपूर मिसळले. भट्टीत तूस जळून गेले आणि त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या राहिल्या. वीट आकाराने मोठी राहिली, पण वजनाने हलकी झाली. वजन कमी म्हणजे भिंतीवरचा आणि पायावरचा भारही कमी.

परंतु तूस जर जळून गेले, तर ते होते हे कसे कळले? भाताच्या तुसात सिलिका हे द्रव्य पुष्कळ असते. आगीत तुसाचा जळण्याजोगा भाग नाहीसा होतो. सिलिकेचा सांगाडा मात्र मागे राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो आणि तुसाचा उमटलेला ठसाही दिसतो. कारागीर गेला, भट्टी विझली, पण त्याने कालवलेल्या चिखलातील जिन्नस विटेने जपून ठेवला.

याच तेर गावी संत गोरा कुंभार होऊन गेले. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. एकदा त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के, ते पारखण्यास सांगितले. गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबाकाका म्हणाले, हे मडके कच्चे आहे.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही विटेला हाच प्रश्न विचारतो: तू कच्ची की पक्की? त्याचे थापटणे म्हणजे क्ष-किरण. विटेची चिमूटभर पूड घेऊन तिच्यावर तो क्ष-किरण सोडतो. प्रत्येक खनिजातील अणूंची मांडणी निराळी. त्यामुळे प्रत्येकापासून किरण निराळ्या कोनांत परततात. त्या कोनांवरून खनिज ओळखता येते. काओलिनाइट हे मातीतील खनिज सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत मोडते. मुलाइट हे खनिज सुमारे १००० अंशांच्या पुढे तयार होऊ लागते. म्हणजे विटेत काओलिनाइट शाबूत असेल, तर आच कमी पडली. मुलाइट असेल, तर भट्टी फार तापली होती. रंगही बोलतो. भट्टीत हवा खेळती असली की मातीतील लोहाचे हेमॅटाइट बनते आणि वीट तांबडी होते. हवा कमी पडली की पोटात काळा थर राहतो.

मात्र एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे शास्त्रज्ञ जाणतो. चुनखडीतील कॅल्साइट भट्टीच्या उष्णतेत फुटते. परंतु पुढे वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून ते पुन्हा तयार होऊ शकते. ते दिसले म्हणून वीट कच्चीच, असे म्हणता येत नाही. म्हणून खनिजे, रंग, ठसे आणि वजन या सर्वांची साक्ष जुळवून पाहावी लागते.

एवढा खटाटोप केवळ कुतूहलासाठी नाही. जुन्या विटांची भिंत सिमेंटाने सांधली, तर सिमेंटातील क्षार ओलाव्याबरोबर विटेत शिरतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. भिंत वाचवू पाहणाराच तिचा घात करतो. औषध देण्यापूर्वी नाडी पाहावी, तसे डागडुजीपूर्वी विटेचे घटक पाहावे लागतात. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचीही अशीच तपासणी झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्याला कीड लागली. वेरूळचा गिलावा किडीपासून बचावला, तो या तंतूंमुळे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आता पुन्हा पांढरीकडे वळावे. घर बांधण्यासाठी, धाब्यावर घालण्यासाठी पांढरीची माती खणून नेण्याची चाल जुनी आहे. खणताना एखादी मोठी, जुनी वीट हाती लागते. कोणी ती ओट्याला लावतो, कोणी फोडून टाकतो. घरी नेलेल्या विटेतील खनिजे प्रयोगशाळेत कळतीलही. पण ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी कोणते खापर, कोणते नाणे होते, हे मात्र कोणतेच यंत्र सांगू शकणार नाही. ती अर्धी साक्ष जमिनीतच असते आणि कुदळीच्या एका घावाने ती कायमची पुसली जाते. ज्याला अशी वीट दिसेल, त्याने ती तेथेच राहू द्यावी आणि गुरुजींना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. साक्षीदाराला बोलू द्यावयाचे, तर त्याला आधी त्याच्या जागी उभे राहू दिले पाहिजे.