अरबी नामविचार आणि मराठीतील काही आदत्त शब्द

मराठीत ‘अहवाल’ हा शब्द एकवचनी आहे, तर कष्ट या अर्थाचा ‘हाल’ नेहमी अनेकवचनात येतो. अरबीत स्थिती नेमकी उलट आहे : ‘हाल’ (अवस्था) हे एकवचन, ‘अहवाल’ हे त्याचे अनेकवचन. ही उलटापालट समजण्यासाठी अरबी नामाची घडण ठाऊक हवी. मराठीच्या अभ्यासकाला आवश्यक तेवढाच तिचा परिचय येथे करून दिला आहे.

आठव्या शतकातील व्याकरणकार सिबवैह याने ‘अल्-किताब’ या ग्रंथाच्या आरंभीच शब्दांचे तीन वर्ग केले आहेत : इस्म, फेल व हर्फ. इस्म म्हणजे नाम; मात्र विशेषणे व सर्वनामेही त्यातच मोडतात. नामाचा विचार लिंग, वचन, विभक्ती आणि निश्चितता या चार अंगांनी होतो.

लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही. विभक्ती तीन : रफअ (कर्ता), नस्ब (कर्म) आणि जर्र (संबंध, तसेच शब्दयोगी अव्ययानंतरचे रूप). ‘वलद’ म्हणजे मुलगा. त्याची अनिश्चित रूपे अनुक्रमे वलदुन्, वलदन्, वलदिन् अशी होतात. ‘अल्’ हे उपपद लागले की नाम निश्चित होते आणि अंत्य ‘न्’ गळतो : अल्-वलदु.

वचने संस्कृतप्रमाणे तीन. दोन मुलगे म्हणजे ‘वलदानि’. अनेकवचन मात्र दोन प्रकारांनी साधते. पहिल्यात मूळ रूप अभंग राहून प्रत्यय लागतो : मुस्लिम, मुस्लिमून. दुसऱ्याला ‘जमअ तक्सीर’, म्हणजे भग्न अनेकवचन, म्हणतात. त्यात व-ल-द ही मूळ व्यंजने कायम राहतात, परंतु स्वरांची मांडणी मोडून नवा साचा तयार होतो : वलद, औलाद. खबर–अखबार, अमीर–उमरा, हाल–अहवाल या जोड्या याच प्रकारच्या आहेत.

मराठीच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे. हे शब्द मुख्यतः फार्सीच्या द्वारे मराठीत आले. भग्न अनेकवचनाला वेगळा काढून दाखवता येईल असा प्रत्यय नसल्यामुळे मराठी भाषकाला त्यातील अनेकत्व जाणवण्याचे कारण नव्हते. म्हणून ‘उमरा’पासून आलेला ‘उमराव’ एकवचनी झाला आणि ‘अमीर-उमराव’ या जोडशब्दात एकाच नामाची दोन वचने शेजारी बसली. जुन्या कागदपत्रांतील ‘वलद’ (अमुकाचा पुत्र) आणि बोलण्यातील ‘औलाद’ हे दोन स्वतंत्र शब्द ठरले. ‘असामी’ची कथा तर अधिक उद्बोधक आहे. ‘इस्म’चा मूळ अर्थ ‘नाव’. त्याचे अनेकवचन ‘अस्मा’ आणि अनेकवचनाचेही अनेकवचन ‘असामी’. नावांच्या यादीतील हा शब्द मराठीत एका व्यक्तीचा वाचक झाला.

लिंगाच्या बाबतीतही असेच घडले. ‘कीमा’ व ‘कलआ’ ही दोन्ही नामे अरबीत स्त्रीलिंगी आहेत. पहिल्याचा अंत्य ‘त’ टिकून ‘किंमत’ स्त्रीलिंगीच राहिली. दुसरे ‘किल्ला’ या आकारान्त रूपात आले आणि मराठीच्या नियमानुसार पुल्लिंगी झाले.

तात्पर्य, अशा रूपांना अपभ्रष्ट किंवा अशुद्ध म्हणणे युक्त नव्हे. व्युत्पत्ती देताना मूळ वचन व लिंग नोंदवावे. मात्र मराठीतील प्रयोगाचा निर्णय मराठीच्याच व्याकरणाने करावा. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर कोशकार अरबीवर मराठीचे अर्थ लादतो आणि संपादक जुन्या पत्रातील बरोबर पाठ चुकीचा समजून दुरुस्त करू लागतो.