‘ठ’ अक्षराचा पाठ

अक्षर केवळ गिरवून घेतले, तर मुलाचा हात चालतो, मन मात्र मागे राहते. म्हणून पहिलीच्या वर्गात आम्ही ‘ठ’ खेळातून शिकवितो.

प्रथम कान तयार करावा. आम्ही शब्द उच्चारतो. आरंभी ‘ठ’ ऐकू आला की मुलांनी टाळी द्यायची. ‘ठिपका’ला टाळी, ‘टोपी’ला नाही. फरक कळण्यासाठी ओठांपुढे कागदाचा कपटा धरावा. ‘ठ’ म्हणताना तो अधिक हलतो.

नंतर मैदानावर मुले हात धरून गोल करतात. गोलाच्या वर एक मूल देठासारखे उभे राहते, दोघे दोरी ताणून शिरोरेषा धरतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाच्या ब्राह्मी लेखांत, ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळच होते, हेही आम्ही सांगतो. पुढे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ‘पीठ’ व ‘मीठ’ लिहिलेल्या डब्यांवर हे अक्षर शोधायचे.

एक कृती आम्ही पालक मेळाव्यासाठी राखून ठेवतो. मूल अंगठा गेरूत बुडवून ठशाठशांनी मोठा ‘ठ’ पूर्ण करते. ‘अंगठा’ आणि ‘ठसा’, दोन्ही शब्दांत हेच अक्षर आहे. अक्षरापासून दूर ठेवल्या गेलेल्या आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या कागदावर, त्यातील मजकूर न कळता, हाच ठसा उमटविला. मग नातवंड आजीचे बोट धरून वाळूत ‘ठ’ काढते.

पालकांनी सुट्टीत हा खेळ घरी अवश्य खेळावा. शिकविणारे मूल असावे, शिकणारे मोठे.