गिरगावची सुई, गोवंडीचा धूर
(घातक कचऱ्यापासून घर, कामगार आणि वस्ती कशी सांभाळावी)



गिरगावातली खोताची वाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लाकडी घरे, कौलारू छपरे, दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या. वाडीतून बाहेर पडले की दवाखाने, औषधांची दुकाने, रक्त तपासणारी केंद्रे आणि मोठे रुग्णालय लागते. काळबादेवी-भुलेश्वरकडे वळले की सोन्याचांदीचे छोटे कारखाने आणि तेजाबाचा वास. सकाळी गाडी येते, कचरा उचलते आणि गल्ली स्वच्छ होते.

गल्ली स्वच्छ झाली, पण धोका संपला का? नाही. तो गाडीत बसून दुसऱ्या वस्तीत गेला. ती गाडी भरणारा आपला भाऊ असतो आणि ती जिथे रिकामी होते तिथे अनेकदा आपलीच वस्ती असते. म्हणून आजच्या आरोग्य पानावर हा विषय.

कचरा जातो कुठे?

घरातला साधा कचरा देवनार आणि कांजूरमार्गच्या कचराभूमीवर जात आला आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. २०१६ च्या सुरुवातीला तिला लागलेल्या आगींचा धूर मुंबईकर विसरलेले नाहीत.

रुग्णालयाचा कचरा, म्हणजे रक्ताचे बोळे, सुया, सलाईनच्या नळ्या, कापलेले अवयव, हा जैववैद्यकीय कचरा. २००९ पासून मुंबईतला असा कचरा देवनारच्या प्रक्रिया केंद्रात जाऊ लागला. धुरामुळे श्वासाचे आजार वाढले, अशी तक्रार गोवंडीच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने हे केंद्र दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात हलवण्याचा आदेश दिला. गोवंडीकरांच्या चिकाटीला सलाम. पण खालापुरातही गावे आहेत, ठाकर-कातकऱ्यांचे पाडे आहेत. जागा बदलल्याने धोका आपोआप कमी होत नाही. केंद्र नीट चालवले तरच तो कमी होतो.

कारखान्यांचा घातक कचरा, म्हणजे आम्ल, रंगांचा व मुलाम्याचा गाळ, वापरलेली रसायने, यासाठी तळोजा औद्योगिक वसाहतीत वेगळे केंद्र आहे. पुण्याजवळ रांजणगाव आणि नागपूरजवळ बुटीबोरी येथेही अशी केंद्रे आहेत.

केंद्रात धोका कसा सांभाळतात?

१) वेगळे ठेवणे. संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीच एकत्र केले की क्लोरीन वायू निघतो आणि जीव गुदमरतो, हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. केंद्रातही हाच नियम मोठ्या प्रमाणावर लागू होतो. सायनाईड असलेल्या मुलाम्याच्या पाण्याला आम्ल लागले तर निघणारा वायू काही मिनिटांत माणूस मारू शकतो. म्हणून आलेल्या प्रत्येक पिंपावर आत काय आहे याची चिठ्ठी हवी, नमुना तपासायला हवा आणि न जुळणारी रसायने दूर ठेवायला हवीत. कारखान्याने आपल्याकडे असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, तर रुग्णालयाने प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा २०१६ चा नियम आहे.

२) नीट जाळणे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात कचरा जळतो. त्यातून निघालेला धूर दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सियसला निदान दोन सेकंद राहायला हवा, तरच त्यातले विष मोडते. चिमणी किमान ३० मीटर उंच हवी. ओला कचरा घुसला की उष्णता घटते. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळले की डायॉक्सिन तयार होते. हे विष शरीरातल्या चरबीत साठते आणि आईच्या दुधातूनही बाळाकडे जाते. म्हणून नळ्या आणि प्लास्टिक जाळायचे नसते. ते वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे करायचे असतात.

३) राख पुरणे. जळले म्हणजे संपले असे नाही. भट्टीची राखही घातक असते आणि ती तळोजासारख्या ठिकाणच्या सुरक्षित भूमीत जायला हवी. अशा खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचे दुहेरी अस्तर असते. झिरपलेले पाणी नळांनी उपसून त्यावर प्रक्रिया करतात. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी तपासत राहतात. खड्डा बंद झाल्यावरही ही देखरेख ३० वर्षे चालू ठेवायची असते. अस्तर फाटले तर विष गावाच्या पाण्यात उतरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

४) कामगाराला सांभाळणे. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, मास्क, गमबूट, प्रशिक्षण, धनुर्वात आणि कावीळ ब यांची लस, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी आरोग्य तपासणी हे सारे नियमाने मिळायला हवे. ‘ठेकेदाराचा माणूस आहे’ म्हणून यातले काहीही वगळता येत नाही. कावीळ ब ची लस तीन वेळा घ्यावी लागते : पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. एक डोस घेऊन थांबू नका.

चूक सुरू होते कुठे?

रुग्णालयात चार रंग ठरलेले आहेत. पिवळ्यात रक्ताचे बोळे, अवयव आणि जुनी औषधे. लालमध्ये नळ्या, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काच. आता समजा, गिरगावच्या एखाद्या वॉर्डात घाईत कुणी उरलेला डाळभात आणि नळ्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. ती पिशवी भट्टीत गेली, उष्णता घटली, काळा धूर निघाला. तो धूर भट्टीजवळच्या झोपडीतल्या बाळाने घेतला. आपण घरात वापरलेली इन्सुलिनची सुई ओल्या कचऱ्यात टाकली, तर ती कुठल्याच रंगाच्या पिशवीत जात नाही. ती थेट कचरा वेचणाऱ्या बाईच्या तळहातात जाते.

बुद्धांनी शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद हाच आहे : कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढले तर परिणाम थांबतो. धुराचे कारण फक्त चिमणीत शोधू नका. साखळीच्या पहिल्या कडीपासून शोधा. मात्र याचा अर्थ दोष गरिबाच्या माथी मारायचा असा नाही. सर्वांत मोठी जबाबदारी केंद्र चालवणाऱ्याची, रुग्णालयाची आणि सरकारची आहे. आपण आपली कडी घट्ट ठेवायची आणि त्यांना जाब विचारायचा.

घरात एवढे कराच

• सुया आणि पाती जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की झाकण पक्के करून वर ‘सुई’ असे लिहा. ती घेतील का, हे जवळच्या दवाखान्यात किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.
• सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या.
• ट्यूबलाइट, सेल, रंगाचे डबे, ढेकणांच्या औषधाच्या बाटल्या, जुन्या गोळ्या यांची वेगळी पिशवी करा. आपल्या वॉर्डाच्या घनकचरा विभागात ती कुठे द्यायची ते विचारा. खोताची वाडी डी वॉर्डात येते. पालिकेचा मदत क्रमांक १९१६.
• पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. झाडू मारू नका. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवा.
• तांब्यासाठी वायर जाळू नका. त्या धुरात भट्टीचेच विष असते आणि चिमणीही नसते.

अपघात झाला तर

सुई टोचली : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, तेजाब किंवा ब्लीच लावू नका. लगेच सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारे औषध दोन तासांत सुरू झाले तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ते २८ दिवस पूर्ण घ्यावे लागते. टोचल्याची लेखी नोंद मालकाकडे करा आणि तिची प्रत घ्या.

अंगावर किंवा डोळ्यात रसायन उडाले : कपडे काढा, निदान १५ ते २० मिनिटे भरपूर पाण्याने धुवा, मग रुग्णालय.

केंद्रातून वायू किंवा दाट धूर आला : बघायला जाऊ नका. वाऱ्याच्या वाटेतून आडव्या दिशेने दूर व्हा. जमले नाही तर घरात जाऊन दारे-खिडक्या बंद करा. अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला : केवळ धुरामुळे आहे असे समजून बसू नका. क्षयरोग जंतूंनी होतो, धूर फुफ्फुस कमजोर करतो. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत.

वस्तीने विचारायचे पाच प्रश्न

१. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आहे का आणि त्याची मुदत कधी संपते?
२. चिमणीच्या धुराची मोजणी कधी झाली? डायॉक्सिनची तपासणी झाली का?
३. राख कुठे जाते? पावत्या कुठे आहेत?
४. गेल्या वर्षी किती अपघात नोंदले गेले? कंत्राटी कामगारांची तपासणी आणि लसीकरण झाले का?
५. आग किंवा गळती झाली तर वस्तीला कोण आणि कसे कळवणार?

उत्तर तोंडी मिळाले तर समाधान मानू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय सायनला आहे. माहितीच्या अधिकारात तिथे अर्ज करता येतो. विहारातल्या महिला मंडळाने किंवा तरुणांनी एक वही ठेवावी : तारीख, वेळ, धुराचा रंग, वास, वाऱ्याची दिशा, आजारी पडलेल्यांची संख्या. अशी वही पुढे अर्जाला आणि न्यायालयात कामी येते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नसून राज्याची जबाबदारी आहे, या दिशेने त्यांनी काम केले. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती राखण्यास राज्याला सांगितले गेले. हातमोजे मागणे म्हणजे भीक मागणे नाही, हे पुढच्या पाळीला जाणाऱ्या आपल्या माणसाला आज रात्री सांगा. आणि उद्या सकाळी सुईची बाटली वेगळी ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!