तपासणी आणि तालीम

शाळेस भेट देणाऱ्या व्यक्तीचे काम दोन प्रकारचे असते. ठरलेले काम ठरल्याप्रमाणे होत आहे की नाही हे पाहणे, हा पहिला प्रकार. शिक्षकाच्या हातून ते आजच्यापेक्षा अधिक चांगले व्हावे म्हणून त्यास साहाय्य करणे, हा दुसरा. पहिल्यास तपासणी म्हणतात. दुसऱ्यास रूढ शब्द नाही. तूर्त त्यास तालीम म्हणावे. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, तेव्हा तपासणी असावयासच हवी. परंतु तपासणीने शिक्षकास शिकविता येऊ लागते, हा समज मात्र चुकीचा आहे.

दिपोटीसाहेबांच्या काळापासून खेडेगावच्या शाळेने मुख्यतः तपासणीच पाहिली. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रशासन व पर्यवेक्षण ही कामे वेगळी करावीत आणि जवळजवळच्या शाळांनी संकुल करून एकमेकींस आधार द्यावा, असे सुचविले. महाराष्ट्रात 1994 मध्ये केंद्रशाळा व केंद्रप्रमुख यांची योजना झाली, ती याच विचाराशी जुळणारी होती. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते गोळा करणे व वर्गात बसून साहाय्य करणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आली. तक्त्यांना मुदत असते, साहाय्यास नसते. मग मागे काय पडते हे सांगावयास नको.

तालमीतील वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून पाहतो. पठ्ठ्याचा पाय कोठे सुटतो हे तो हेरतो आणि त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट घोटवून घेतो. साहाय्य करणाऱ्याची दृष्टी अशी असावी. (उपमा येथेच थांबवावी हे बरे. पठ्ठा आपला वस्ताद स्वतः निवडतो. शिक्षकास तशी मुभा नसते. म्हणून येथे विश्वास आधी मिळवावा लागतो.)

एक उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात एक शिक्षणसेविका हातच्याची वजाबाकी शिकवीत आहेत. फळ्यावर 52 वजा 27 हे उदाहरण आहे आणि बऱ्याच मुलांच्या पाट्यांवर उत्तर 35 आले आहे. तपासणीच्या सवयीचा मनुष्य शेरेबुकात लिहील : ‘वजाबाकीचा सराव वाढवावा.’ शेरा खोटा नाही, पण निरुपयोगी आहे. कारण बाई उद्यापासून तीच चूक अधिक वेळा करवून घेतील.

दुसऱ्या वृत्तीचा केंद्रप्रमुख मुले सुटल्यावर पाच पाट्या बाईंसमोर ठेवून विचारील, “बाई, हे 35 कसे आले असेल?”

“लक्ष नसते, साहेब.”

“लक्ष नसते तर पाचही जणांचे उत्तर एकच कसे यावे?”

आता दोघेही पाट्यांकडे पाहू लागतात, बाईंकडे कोणीच पाहत नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मुलाने एककातही मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. थोड्या वेळाने बाई स्वतःच म्हणतात, “मीच दुसरीत सांगितले होते, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे.”

हे वाक्य साहेबांना आधीच ठाऊक असेल. तरीही ते बाईंच्याच तोंडून यावयास हवे होते. दुसऱ्याने काढून दाखविलेली चूक मनुष्य झाकतो, स्वतःस सापडलेली दुरुस्त करतो. पुढचा प्रश्नही बाईंसाठीच असावा : उद्या काय करून पाहाल? काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात आणि त्यातून सत्तावीस मागाव्यात, असे बाई ठरवितात. सात सुट्या काड्या मिळत नाहीत म्हणून मूल आपण होऊन गठ्ठा सोडते, आणि हातचा म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळते. पडताळ्यास 61 वजा 38 द्यावे. उत्तर 37 आले तर समज जुनीच आहे असे ठरते. 43 वजा 21 सारखी उदाहरणे या कामी चालत नाहीत. त्यांत चुकीच्या रीतीनेही उत्तर बरोबरच येते, आणि वहीभर बरोबरच्या खुणा पाहून शिक्षक निर्धास्त राहतो. पुढच्या भेटीत एवढेच पाहावे. त्या दिवशी फलक, बाग, हजेरीपट असे दुसरे काही काढू नये.

बाईंनी विश्वासाने उघड केलेली गोष्ट त्यांच्या कामाच्या अहवालात उमटता कामा नये. शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या 3 वर्षांत प्रत्येक शेरा नोकरीस लागतो की काय, अशी धास्ती असते. एकदा जरी कबुलीचा शेरा झाला, तरी त्या केंद्रातील कोणीही पुन्हा अडचण सांगणार नाही, आणि ती दडलेली अडचण मुले पाचवीपर्यंत वाहतील. याउलट, शिक्षक गैरहजर राहत असेल किंवा मुलांना मारीत असेल, तर तो विषय तालमीचा नव्हे. तेथे तपासणीच हवी, आणि तसे त्यास स्पष्ट सांगूनच ती करावी.

केंद्रप्रमुखाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. द्विशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक असतोच. ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1980 पासून असे दाखविले की, प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट वर्गात उतरावयाची तर पुढे सहकाऱ्याची सोबत लागते. 1996 मध्ये मात्र त्यांनी लिहिले की, सहकाऱ्यांनी एकमेकांना अभिप्राय देण्याची रीत त्यांनी सोडून दिली. कारण अभिप्राय हळूहळू निवाडा होऊन बसे. त्यांच्या नव्या रीतीत शिकविणारा हाच तालीम देणारा, आणि पाहणारा शिकावयास आलेला.

ही रीत गावच्या शाळेस सोयीची आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास दोन्ही वर्ग पडवीत एकत्र बसवावेत. एकाने शिकवावे, दुसऱ्याने मुलांमध्ये बसून त्यांच्या पाट्या पाहाव्यात आणि कोणते मूल कोठे अडले ते टिपून ठेवावे. पुढच्या आठवड्यात जागा बदलाव्यात. केंद्राच्या शिक्षण परिषदेस जाताना प्रत्येकाने चुकलेल्या उदाहरणांच्या पाच वह्या बरोबर न्याव्यात. परिपत्रकांच्या वाचनास अर्धा तास कमी पडला तरी चालेल.